‘एकच टेस्ट चार वेळा लावली’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा. आईंच्या पॅराथायरॉईडच्या ऑपरेशनवेळी आमच्या लॅबनं तासाभरात एकच पीटीएच टेस्ट (या ग्रंथींच्या हार्मोनची रक्ततपासणी) चारदा लावून बिल फुगवलं, त्यापायी आईंना भुलीत ताटकळत ठेवलं, आणि शेवटच्या रिपोर्टवर ‘हाय’ असूनही टाके घातले, असं तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय. आईंचे आकडे मी इथं चारचौघांत मांडणार नाही. टेस्टबद्दल मात्र सविस्तर सांगतो.

रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या या पॅराथायरॉईडच्या ग्रंथी गळ्यात साधारण चार असतात. बहुतेकांत एकच बिघडते, काहींत जास्त. स्कॅनमध्ये एक दिसली म्हणजे बाकीच्या चांगल्या, असं नक्की म्हणता येत नाही. पण पीटीएच रक्तात टिकत नाही, तीन ते पाच मिनिटांत निम्मं होतं. त्यामुळं बिघडलेली ग्रंथी निघाली की आकडा दहा मिनिटांत कोसळतो. दुसरी आत राहिली असेल तर हवा तेवढा उतरत नाही. मायामीचे सर्जन जॉर्ज अर्विन यांनी 1990 च्या दशकात ही पद्धत रुळवली. पुराच्या दिवसांत आपण पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी एकदाच बघून गप्प बसतो का? पाणी किती उतरलं ते बघतो. तसंच हे.

पहिलं सॅम्पल चीर देण्याआधी. दुसरं ग्रंथी काढायच्या तोंडावर, कारण हाताळताना तिच्यातून हार्मोन सुटून आकडा वर जाऊ शकतो. या दोनांतला मोठा आकडा धरायचा आणि ग्रंथी काढल्यावर दहा मिनिटांनी तो निम्म्याहून खाली आला का, ते बघायचं. वीस मिनिटांचं सॅम्पल सर्जननी मागितलं तरच होतं.

‘हाय’ हा शिक्का कॉम्प्युटर मारतो, एरवीच्या नॉर्मल रेंजशी ताडून. समजा 300 वरून 90 झालं, तर शिक्का ‘हाय’च येणार, पण घट 70 टक्के आहे. काही सर्जन नॉर्मल रेंजमध्ये आल्याशिवाय थांबत नाहीत. तो निर्णय त्यांचा, लॅबचा नाही.

थांबण्याबद्दल म्हणाल, तर ती दहा मिनिटं टेस्टचाच भाग आहेत. पुढं पेशी वेगळ्या करायला रक्त गरगर फिरवून मशीनवर लावायला वेळ लागतो. घाईत सॅम्पल हिमोलाईज झालं, म्हणजे रक्तपेशी फुटल्या, तर पीटीएच खोटंच कमी दिसतं आणि ग्रंथी आत असताना ऑपरेशन जमलं असं वाटतं. अशा सॅम्पलवर आम्ही रिपोर्ट देत नाही, कुणी कितीही फोन करू दे.

टेस्ट स्वस्त नाही, हे खरंच. रुटीन पीटीएच इतरांच्या सॅम्पलबरोबर लागतं. इथं एका पेशंटसाठी कंट्रोल (मशीन बरोबर चालतंय का ते ताडायचं ठरावीक सॅम्पल) लावून मशीन आणि टेक्निशियन अडकवून ठेवावे लागतात. स्कॅन आणि सोनोग्राफी दोन्ही एकाच ग्रंथीकडं बोट दाखवत असतील तर काही सर्जन ही टेस्ट टाळतात, हेही सांगून ठेवतो. पण ग्रंथी राहून गेली तर गळा पुन्हा उघडावा लागू शकतो, आणि त्या वेळी आवाजाच्या नसेला धोका जास्त.

आता आईंच्या ओठांना, बोटांना मुंग्या आल्या तर कॅल्शियम उतरलेलं असू शकतं. लगेच सर्जनना फोन करा. सहा महिन्यांनी कॅल्शियम नक्की तपासा, आमच्याकडंच असं काही नाही. बिलातल्या चारही ओळींच्या वेळा आमच्या नोंदीत आहेत. बिल घेऊन काउंटरवर या, मी स्वतः दाखवतो.