दमडीही न मोडता

पैसे टाकून काय, कोणीही शहर बघेल. अक्कल लागते ती फुकटात बघायला, असं आमची आत्या म्हणते. मी तिच्याबरोबर फिरलो आहे, त्यामुळे अनुभवाने सांगतो: अक्कल सुरुवातीला एकदाच लागते, पुढचं सगळं पायांवर असतं.

कामानिमित्त माझं परदेशातल्या मोठ्या शहरांत जाणं होतं. कामाला जोडून रजा टाकली की आत्या येऊन मिळते. विमानाचं भाडं ती खर्चात धरत नाही. "तो प्रवास, आणि हे फिरणं. खाती वेगळी आहेत." तिची सगळी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे या विषयावर तिच्याशी वाद घालायची माझी छाती नाही.

तिच्याकडे एक वही असते. कुठलं संग्रहालय कोणत्या दिवशी फुकट, बसायला बाक कुठे, पिण्याचं पाणी कुठे, आणि लाल शाईने, स्वच्छतागृह कुठे. गाइडबुकवाले शहराचा मध्य म्हणून एखादा चौक दाखवतात. फुकट्या माणसाच्या शहराचा मध्य स्वच्छतागृह असतो. त्याच्यापासून किती लांब जायचं हे ठरलं की बाकीचा कार्यक्रम आपोआप ठरतो. पॅरिसने २००६ साली रस्त्यावरची स्वच्छतागृहं फुकट केली, ही आत्याच्या वहीतली त्या शहराची पहिली नोंद आहे. आयफेल टॉवरचा नंबर बराच खाली लागतो.

लंडनवर मात्र तिचा विशेष जीव. ब्रिटिश म्युझियम १७५९ साली लोकांसाठी उघडलं तेच फुकट, आणि तिथली जी राष्ट्रीय संग्रहालयं तिकीट लावत होती त्यांनीही २००१च्या डिसेंबरात ते काढून टाकलं. तिकीट काढलेला माणूस पैसे वसूल होईपर्यंत बाहेर पडत नाही, हे आपण समजू शकतो. आत्या फुकट असलं की वसूल करते. ब्रिटिश म्युझियमकडे सुमारे ८० लाख वस्तू आहेत असं तिने वहीतून वाचून दाखवलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्यातल्या जेमतेम एक टक्का मांडलेल्या असतात हे कळल्यावर मला हायसं वाटलं, आणि तिला कोणीतरी मापात मारल्यासारखं. "बाकीच्या आत कशाला ठेवल्यात?" असं तिने तिथल्या पहारेकऱ्याला विचारायला लावलं. मी भाषांतर करताना प्रश्न बदलून रोझेटा शिलालेख कुठे आहे ते विचारलं. तो आम्ही बघितलाही, म्हणजे त्याच्यासमोर उंचावलेल्या पंधरा-वीस मोबाइलांमध्ये तो छान दिसत होता. निघताना दानपेटीपाशी आली की आत्याला नेमकं वरचं काचेचं छत बघायचं असतं. मान वर, चाल संथ, चेहऱ्यावर स्थापत्यशास्त्राची आवड.

माझं मत अगदी उलटं आहे. फुकट जागेची खरी चैन म्हणजे अर्ध्यातून उठून जाता येतं. ट्रॅफल्गर स्क्वेअरच्या नॅशनल गॅलरीत शिरावं, व्हॅन गॉगची सूर्यफुलं बघावीत, दहाव्या मिनिटाला बाहेर येऊन पायऱ्यांवर बसावं. तिकीट असतं तर अशी हिंमत झाली असती का? हे मी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "तू बस. माझी अजून तीन शतकं राहिलीत."

फेनचर्च स्ट्रीटवर एक फुगीर काचेची इमारत आहे, तिला तिथले लोक वॉकी टॉकी म्हणतात. तिच्या डोक्यावरच्या बागेतून सगळं लंडन फुकट दिसतं. आधी नाव नोंदवायचं आणि विमानतळासारखी झडती द्यायची, एवढंच. इमारत पुरी होत आली होती तेव्हा, २०१३ साली, तिच्या वळणदार काचांवरून परावर्तित झालेल्या उन्हाने खाली उभ्या असलेल्या एका मोटारीचे काही भाग वितळले होते. बांधणाऱ्यांनी दुरुस्तीचे पैसे भरून दिले. मी हे हळहळून सांगत होतो. आत्याने विचारलं, "म्हणजे दुरुस्ती फुकट झाली ना?"

पण सगळ्यात जड गेलं ते सेंट पॉल कॅथीड्रल. एरवी बघायला जायचं तर तिकीट, पण संध्याकाळच्या प्रार्थनेला, म्हणजे इव्हनसाँगला, मुक्तद्वार. आम्ही वेळेआधी जाऊन घुमटाच्या दिशेची जागा पकडली. आता प्रार्थना म्हटलं की उठाबस आली, आणि कधी उठायचं हे छापील कागदावर असलं तरी आम्ही नेमके भलत्याच ओळीवर असायचो. म्हणून पुढच्या बाईंच्या पाठीकडे बघून सगळं ठरवलं. त्या बाईही बहुधा त्यांच्या पुढच्याकडे बघत असाव्यात, कारण एकदा अख्खी रांग अर्धवट उठली, तशीच क्षणभर तरंगली आणि खाली बसली. प्रार्थना चालू असताना इकडेतिकडे बघणं बरं दिसत नाही, पण मान वर करून डोळे किंचित मिटले की भक्तिभावही दिसतो आणि घुमटाची नक्षीही, हा आत्याचा शोध. पुढे मुलांनी गायला सुरुवात केली. त्यानंतर तिने घुमटाकडे पाहिलं नाही, वहीही उघडली नाही. बाहेर आल्यावर बराच वेळ काही बोललीही नाही, आणि हे तिकीट काढूनही सहसा मिळत नाही.

रोमवर तिचा राग आहे. पँथिऑन हे तिथलं प्राचीन देऊळ इतकी वर्षं फुकट होतं, त्यांनी २०२३ साली तिकीट लावलं. "मी येणार हे कळलं असणार." व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट असतात, त्या रांगेबद्दल मी लिहिणार नाही, माझे घोटे अजून त्याबद्दल बोलतात. ट्रेव्ही कारंज्यापाशी लोक पाठमोरे उभे राहून पाण्यात नाणी फेकतात. ती नाणी गोळा होऊन धर्मादाय संस्थेला जातात असं मी सांगितल्यावर आत्या जरा नरमली. तिला आधी वाटलं होतं, लोकांना वेड लागलंय.

त्या शहराने तिला जिंकलं ते पाण्याने. १८७४ पासून रस्तोरस्ती ओतीव लोखंडाचे नळ उभे आहेत. वाकड्या नाकासारखी तोटी, म्हणून त्यांना नासोने म्हणतात. पाणी गार आणि अखंड वाहतं. ओणवं होऊन प्यायचं नसेल तर तोटीचं तोंड बोटाने दाबायचं. वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं, त्यातून कमानीसारखी धार उसळते. आत्याने भोक कुठे आहे ते बघायला चष्मा जवळ नेला आणि त्याच वेळी बोट दाबलं. पुढचा अर्धा दिवस वहीतली लाल शाई वाचता येत नव्हती, आणि त्याचे परिणाम मला भोगावे लागले.

वॉशिंग्टनबद्दल तिला नितांत आदर. स्मिथसोनियनची एवढी सगळी संग्रहालयं तिथे फुकट, आणि ही संस्था १८४६ साली स्थापन झाली ती जेम्स स्मिथसन नावाच्या इंग्रजाने ठेवलेल्या पैशातून. हा गृहस्थ हयातीत अमेरिकेला गेलाच नव्हता. त्याच्या अस्थी मात्र १९०४ साली तिथे नेल्या. आत्याने टाळीच दिली. "बघ, शेवटी गेला तोही दुसऱ्याच्या खर्चाने!"

जिथे तिथे निघणाऱ्या फ्री वॉकिंग टूर हा वेगळाच प्रकार. सुरुवातीला तीसेक जण असतात. शेवटचा पुतळा जवळ आला, आणि गाइडने "आवडलं असेल तर मनाला येईल ते द्या" म्हणायला घसा खाकरला, की जथा आटायला लागतो. कोणाला फोन येतो, कोणाला एकदम उलट्या दिशेचा रस्ता आवडतो. मीही पाय काढता घेत होतो. आत्याने माझी बाही धरली, कॉलेजातल्या वयाच्या त्या पोराला चांगली नोट दिली आणि वहीत नोंद केली: शिकवणी. "अरे, हे फिरण्यात नाही येत. खातं वेगळं."

न्यूयॉर्कला मॅनहॅटनहून स्टेटन आयलंड बेटावर जाणारी फेरी बोट १९९७ पासून फुकट आहे. पंचवीस मिनिटांत पलीकडे नेते आणि वाटेत स्वातंत्र्यदेवीचं दर्शन घडवते. तिकडे पोचलं की सगळ्यांना उतरावंच लागतं, हा नियम. त्यामुळे शेकडो पर्यटक उतरतात, वेटिंग हॉलला वळसा घालतात आणि तशाच घाईने परतीच्या बोटीत घुसतात. बेट कसं आहे हे विचारायचीही सोय नाही. जाताना देवी उजवीकडे दिसते. आम्ही धक्काबुक्की करून डावीकडची खिडकी मिळवली होती, तिथून मालवाहू जहाजं छान दिसली. येताना देवी डावीकडे असते, पण या खेपेला आत्याने मला पळत पाठवून उजवीकडची जागा धरायला लावली. बाकावर समोर एक नोकरदार माणूस खिडकीला डोकं टेकून घोरत होता. आत्याने त्याच्याकडे हेव्याने पाहिलं.

मॅनहॅटनला उतरलो तेव्हा अंधार पडत होता. मला वाटलं, आता खोलीवर. आत्या पुढच्या बोटीच्या रांगेत उभी होती.

"ये लवकर. चोवीस तास चालू असते म्हणे."