एन्झाइम ‘नाजूक’ असतात म्हणे!

रसायनशास्त्राच्या चर्चांत एक मजकूर वरचेवर फिरतो : ‘जीवाणूंची एन्झाइमं (अभिक्रिया घडवून आणणारी प्रथिनं) नाजूक. तापवली की संपली, पाण्याबाहेर चालत नाहीत, ओळखीच्या रेणूपलीकडे बघत नाहीत, वर महाग. अवघड औद्योगिक अभिक्रियांना धातूचे उत्प्रेरकच हवेत.’

उष्णतेचा मुद्दा लगेच निकाली निघतो. बॅसिलस लायकेनिफॉर्मिस या जीवाणूचं अमायलेज, म्हणजे स्टार्च तोडणारं एन्झाइम, स्टार्चच्या कारखान्यांत 105 अंशांच्या आसपास काम करतं. आणि तापमान झेपणं ही दरवेळी बढाईची गोष्ट नसते. अ‍ॅक्रिलामाइड हे औद्योगिक रसायन पूर्वी तांब्याच्या उत्प्रेरकावर, बरंच तापवून बनवत. जपानमध्ये 1985 पासून ऱ्होडोकोकस जीवाणूंचं एन्झाइम तेच काम थंड पाण्यात करतंय. शेवटी तांबं गाळून काढायची कटकट नाही.

पाणी आणि ओळखीचा रेणू हे दोन्ही आक्षेप सिटाग्लिप्टिन या मधुमेहाच्या औषधापाशी अडतात. त्यातला कळीचा टप्पा आधी ऱ्होडियम हा महागडा धातू आणि दाबाखालच्या हायड्रोजनवर चालायचा. आर्थ्रोबॅक्टर जीवाणूकडून आलेलं ट्रान्सअमायनेज (रेणूवर अमिनो गट बसवणारं एन्झाइम) या टप्प्यातल्या कच्च्या रेणूला, एका किटोनला, दादच देत नव्हतं, कारण तो रेणू एन्झाइमच्या, अभिक्रिया जिथे घडते त्या खोबणीत मावत नव्हता. मर्क ही औषध कंपनी आणि कोडेक्सिस ही एन्झाइम घडवणारी कंपनी यांच्या संशोधकांनी आधी छाटलेला, छोटा रेणू देऊन खोबण थोडी रुंदावली, मग पूर्ण रेणूकडे वळले. फेरीमागून फेरी बदल करत 2010 मध्ये जाहीर झालेल्या एन्झाइमात 27 उत्परिवर्तनं (मूळ रचनेतले बदल) होती. ते निम्मं डायमिथाइल सल्फॉक्साइड हे सेंद्रिय द्रावक असलेल्या मिश्रणात, 40 अंशांच्या वर, लिटरला 200 ग्रॅम किटोन पचवतं. ऱ्होडियमच्या वाटेपेक्षा एकूण उतारा 10 ते 13 टक्क्यांनी वाढला, कचरा 19 टक्क्यांनी घटला. मूळ एन्झाइम पाहून निकाल देणाऱ्यांची गफलत इथेच होते : कारखान्यात जातं ते घडवलेलं एन्झाइम, जीवाणूत सापडलेलं जसंच्या तसं नव्हे.

निसर्गात न होणाऱ्या अभिक्रियाही जमतात. अमेरिकी रसायन अभियंत्या फ्रान्सिस अर्नोल्ड यांच्या गटाने 2016 मध्ये एका उष्णताप्रिय जीवाणूच्या सायटोक्रोम सी प्रथिनाकडून कार्बन-सिलिकॉन बंध जोडून घेतला. हे प्रयोगशाळेतलं यश आहे, त्याला उद्योग म्हणण्याची घाई नको.

महागाईच्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. एनएडीपीएचसारखे सहघटक (एन्झाइमला कामासाठी सोबत लागणारे, वापरात खर्ची पडणारे रेणू) लागले की खर्च फुगतो, म्हणून ते ग्लुकोजच्या जोरावर पुन्हापुन्हा ताजे करून घ्यावे लागतात. उलट ग्लुकोज आयसोमरेज (ग्लुकोजचं फ्रुक्टोज करणारं एन्झाइम) एकदा घन आधारावर बसवून स्तंभात भरलं की तोच स्तंभ आठवडेच्या आठवडे चालतो. भाव एन्झाइमच्या किलोला बघायचा नाही, त्या किलोतून किती माल निघाला त्यावर बघायचा.

आणि हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवणं? तिथे मजकूरवाल्यांचं म्हणणं मान्य. नायट्रोजनेज हे जीवाणूंचं एन्झाइम साध्या तापमानाला नायट्रोजन फोडतं खरं, पण नायट्रोजनच्या एका रेणूमागे एटीपीचे (पेशीला ऊर्जा पुरवणारे) निदान 16 रेणू खर्ची घालतं आणि ऑक्सिजन लागताच निकामी होतं. त्यामुळे ते काम आजही लोखंडी उत्प्रेरकावर, 400 ते 500 अंशांनाच चालतं.