'क्लच दाबायचा, एवढं साधं आहे' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

चिखलात रुतलेला जुना लष्करी ट्रक ट्रॅक्टरने कसा ओढावा, या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. 'एसीत बसून लिहिणाऱ्यांनी शेतकऱ्याला ट्रॅक्टर शिकवू नये' अशी तिची सुरुवात आहे. हे वाक्य मला लागलं. बावीस वर्षं जुन्या ट्रॅक्टरांचे क्लच आणि गिअरबॉक्स खोलतो आहे, एवढंच सांगतो. मुद्दा चुकला असेल तर तो दाखवा. माणूस कुठे बसतो यावर बोलून, ओढायची साखळी ट्रॅक्टरला कुठे लावायची हा प्रश्न सुटत नाही. 'पुस्तकी' हा शब्द तुम्ही चार वेळा वापरलात. एकदा वापरला असता तरी मला समजलं असतं.

एक चूक आधी मान्य करतो. ड्रॉबारची, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे खाली ओढण्यासाठी असलेल्या पट्टीची, उंची मी सरसकट पंधरा इंच लिहिली होती. टायरच्या मापाप्रमाणे आणि मॉडेलप्रमाणे ती साधारण तेरा ते वीस इंचांत बदलते. लेखात दुरुस्ती केली आहे, तुमचे आभार.

आता तुमचं ते वाक्य: 'साखळी वर टॉप लिंकला अडकवली की पकड चांगली येते, आणि पुढचा भाग उचलला तर क्लच दाबायचा, एवढं साधं आहे.'

टॉप लिंक म्हणजे मागे अवजार जोडायच्या तीन दांड्यांतली वरची. तिथे साखळी लावली की पकड चांगली येते, हे खरं आहे. पण ती कुठून येते? पुढच्या चाकांवरचं वजन मागच्या चाकांवर जातं म्हणून येते. ज्या वजनाने ट्रॅक्टरचं नाक खाली राहतं, तेच तुम्ही काढून घेता. हिशोब मांडून दाखवतो. बी-275 किंवा मॅसी 1035 च्या आसपासचा, 1,800 किलोचा ट्रॅक्टर धरा. त्याच्या वजनाचा मध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे साधारण 70 सेंटिमीटरवर असतो. 1,800 गुणिले 0.70 म्हणजे 1,260. नाक खाली धरून ठेवायला एवढंच बळ आहे. टॉप लिंकचं ब्रॅकेट जमिनीपासून 90 सेंटिमीटरवर असेल, तर 1,260 भागिले 0.90, म्हणजे 1,400 किलोची ओढ बसली की पुढची चाकं जमीन सोडतात. साखळी 40 सेंटिमीटरवरच्या ड्रॉबारला लावली, तर त्यासाठी 3,150 किलो ओढ लागते. कोरड्या, घट्ट जमिनीवर मागचे टायर वजनाच्या फार तर 0.8 पट पकड देतात, म्हणजे 1,440 किलो. त्यामुळे ड्रॉबारवर ओढताना चाकं आधी फिरतात, घसरतात आणि ट्रॅक्टर चारही चाकांवर राहतो. टॉप लिंकवर ओढताना चाकं घसरायच्या आत नाक उठतं. हे सगळं सावकाश ओढलं तर. साखळी ढिली ठेवून झटका मारला की हे आकडे एका क्षणात ओलांडले जातात.

आणखी एक गोष्ट आहे. नाक उठू लागलं की ड्रॉबार जमिनीकडे जातो, ओढीची उंची कमी होते आणि नाक परत खाली यायला मदत होते. टॉप लिंकची पिन मात्र तेव्हाही अ‍ॅक्सलच्या वरच असते, आणि वजनाचा मध्य मागे सरकत अ‍ॅक्सलच्या डोक्यावर येऊ लागतो. जितकं नाक वर जातं, तितकं ते आणखी सहज वर जातं.

आता तुमचा क्लच. ट्रॅक्टर पूर्ण मागे पालथा व्हायला साधारण दीड सेकंद लागतो. त्यातला पहिला पाऊण सेकंद गेला की क्लच दाबूनही तो परत येत नाही. माणसाला काही बिघडलंय हे कळून पाय हलवायलाच जवळजवळ तेवढा वेळ लागतो. त्यात नाक वर जाताना शरीर सीटवर मागे कलतं, हात आपोआप स्टिअरिंगला लटकतात आणि पाय पेडलवरून सुटतो. हँड थ्रॉटल, म्हणजे हाताने लावायचा अ‍ॅक्सिलरेटर, तर जिथे लावला तिथेच राहतो, त्यामुळे इंजिन जोर कमी करत नाही.

आणि हे सगळं तुमचा क्लच खरंच सुटतो असं धरून. पावसाळाभर शेडमध्ये उभ्या असलेल्या जुन्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. पेडल तळापर्यंत जातं आणि चाकं फिरतच राहतात. पेडलचा फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी चाल) जास्त असेल तरी क्लच पूर्ण सुटत नाही. म्हणून ओढण्याआधी मोकळ्या जागेत, सपाटीवर, लो फर्स्ट गिअरमध्ये क्लच दाबून ट्रॅक्टर जागच्या जागी थांबतो का ते बघा. थांबत नसेल तर साखळी उचलूच नका. इंजिन बंद करायला स्टॉपची दांडी ओढावी लागत असेल, तर ती कुठे आहे हे मदतनीसालाही माहीत हवं.

तुम्ही लिहिता की शक्तिमान, म्हणजे तो जुना लष्करी ट्रकसुद्धा, असाच काढता. लष्करी रिकव्हरीतला ठोकताळा सांगतो. चाकापर्यंत रुतलेल्या गाडीला तिच्या एकूण वजनाएवढी ओढ लागते, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट. रिकामा ट्रक पाच टनांचा धरला तरी 5,000 किलो झाले, आणि तुमच्या ट्रॅक्टरची पकड 1,440 वर संपते. म्हणजे ओढायच्या आधी माल उतरवायचा, चाकांपुढचा चिखल फावड्याने काढून उतरता चर करायचा, ट्रकच्या पुढच्या चाकांचा ड्राइव्ह जोडून त्याच्याच लो गिअरची मदत घ्यायची. तरीही न निघाला तर ट्रकच्या हुकाला पुली लावा, वायर रोपचं एक टोक झाडाच्या बुंध्याला आणि दुसरं ट्रॅक्टरच्या ड्रॉबारला. ओढ जवळजवळ दुप्पट होते. रोपच्या मधोमध ओलं गोणपाट टाका आणि रोपच्या लांबीइतक्या अंतरात कुणाला उभं राहू देऊ नका. ट्रॅक्टरच रुतला तर पुढे रेटू नका, रिव्हर्समध्ये काढा. मागची चाकं अडकून फिरेनाशी झाली, तर मागे साखळी नसतानाही नाक उठतं.

ब्रेकच्या दोन्ही पेडलांचं लॉक, उतारावर न्यूट्रल आणि लॉक रिंगच्या (रिमवर टायर धरून ठेवणाऱ्या लोखंडी कडीच्या) टायरमधली हवा, यांवरचे तुमचे तीन परिच्छेद मी सोडून देतो. लेखात जे लिहिलं आहे त्यात मला काही बदलायचं नाही. व्हॉल्व्हचा पिन काढून हवा पूर्ण सोडल्याशिवाय रिंगला हात लावू नये, यावर वाद घालायची माझी तयारी नाही.

'आमच्याकडे तीस वर्षांत कुणी पालथा झाला नाही' म्हणता. नसेल. चिखल नरम असला की चाकं घसरतात आणि माणूस वाचतो. तुम्हाला मातीने वाचवलं, क्लचने नाही. ज्या दिवशी जमीन घट्ट असेल, त्या दिवसाबद्दल मी लिहिलं होतं.

तुमची प्रतिक्रिया काढून टाकणार नाही. पण तिच्याखाली मी एक ओळ ठळक लिहिली आहे: साखळी फक्त ड्रॉबारला लावा. ती तुमच्यासाठी नाही. यंदा पहिल्यांदा ट्रॅक्टरवर बसणारी पोरंही हे पान वाचतात.