काजळीआडची अमेरिका

अमेरिकेच्या राष्ट्रीय ओळखीचा विषय निघाला की आपण स्वातंत्र्याचा जाहीरनामा, राज्यघटना आणि यादवी युद्ध यांच्याविषयी बोलतो. परंतु एकोणिसाव्या शतकातील सामान्य अमेरिकी माणसाची ‘आपण कोण’ ही समज मिन्स्ट्रेल शोच्या, म्हणजे गोऱ्या कलावंतांनी तोंड काळे करून कृष्णवर्णीयांची नक्कल करण्याच्या गाण्या-विनोदाच्या खेळाच्या, रंगमंचासमोरही घडत होती, असे माझे ठाम मत आहे.

फेब्रुवारी १८४३ मध्ये न्यूयॉर्कच्या बावरी भागात ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स’ या नावाने चार गोरे कलावंत जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून बँजो, फिडल, टॅम्बरीन आणि हाडांच्या चिपळ्या घेऊन प्रेक्षकांसमोर आले. मंडळीचे नाव दक्षिणेचे असले, तरी त्यांच्यातील डॅन एमेट हा उत्तरेतील ओहायोचा होता आणि न्यूयॉर्क राज्यातील गुलामगिरी १८२७ मध्येच संपलेली होती. म्हणजे हा खेळ जन्मला तो मळ्यांवर नव्हे, तर शहरी कामगारांच्या वस्तीत. पुढे आयर्लंडमधून लोंढ्याने आलेल्या, सर्वत्र हिणवल्या जाणाऱ्या स्थलांतरितांना या खेळाने एक वाट दाखवली: रंगमंचावरच्या बावळट, आळशी, सदा आनंदी गुलामाला हसता हसता ते गोऱ्यांत जमा झाले आणि म्हणूनच अमेरिकी ठरले. ज्या बँजोच्या तालावर हे चालले, तो मुळात आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचा होता, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

१८५४ मध्ये अमेरिकी नौदलाचा अधिकारी कमोडोर पेरी जपानशी करार करण्यासाठी गेला, तेव्हा जपानी अधिकाऱ्यांच्या स्वागतासाठी त्याच्या खलाशांनी जहाजावर मिन्स्ट्रेलचाच खेळ केला. परदेशासमोर ‘आमची कला’ म्हणून मांडावी अशी ती गोष्ट झाली होती.

‘त्या काळी कोणालाच त्यात वावगे वाटत नव्हते’ हे समर्थन मला मान्य नाही. गुलामगिरीतून निसटून आलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८४८ मध्येच, निसर्गाने त्यांना न दिलेला आमचा रंग चोरून हे लोक पैसा कमावत आहेत, अशा आशयाची जळजळीत टीका आपल्या ‘नॉर्थ स्टार’ या पत्रातून केली होती. वावगे वाटत होते. ज्यांना वाटत होते त्यांना मोजलेच जात नव्हते.

गीतकार स्टीफन फॉस्टरच्या ‘माय ओल्ड केंटकी होम’ या १८५३ च्या गीताची कथा मला यात सर्वाधिक बोलकी वाटते. ते मिन्स्ट्रेल मंडळींमुळे घरोघरी पोहोचले, १९२८ मध्ये केंटकीचे राज्यगीत झाले आणि आजही तेथील प्रसिद्ध घोड्यांच्या शर्यतीपूर्वी हजारो लोक ते गहिवरून गातात. मूळ गीतात घराचा निरोप घेणारा माणूस गुलाम आहे आणि त्याला दक्षिणेकडच्या उसाच्या मळ्यांकडे जावे लागत आहे. १९८६ मध्ये विधिमंडळाने कृष्णवर्णीयांसाठीचा अपमानकारक शब्द काढून तेथे ‘लोक’ असा शब्द घातला. तो शब्द जायलाच हवा होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र त्यासोबत रडणारा माणूस कोण होता हेही पुसले गेले, आणि त्याची ताटातूट सर्वांच्या रम्य गृहविरहात विरघळून गेली. गीत ठेवायचेच असेल, तर ते गाण्यापूर्वी त्या माणसाला कोठे आणि का नेले जात होते, हे केंटकीने दरवर्षी त्याच मैदानावर मोठ्याने सांगावे.