भाडं पाण्यात जात नाही

सोलापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे, तेवढ्याच हप्त्यात स्वतःचं घर होतं, व्याजावर आयकरात सूट मिळते, सोलापुरातून विमान सुरू झालंय म्हणजे घरांचे भाव आता वरच जाणार, आणि आज घेतलं नाही तर कधीच जमणार नाही. नुकती नोकरीला लागलेली पोरं हे वाचून टोकन द्यायला निघालीत, म्हणून मुद्द्यांना उत्तर देतो.

आधी हप्त्याचं बघू. समजा, जुळे सोलापुरात 40 लाखांचा टू बीएचके आहे आणि तसाच फ्लॅट 11 हजार भाड्याने मिळतोय. 8 लाख स्वतःचे घालून 32 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी काढलं, तर हप्ता बसतो सुमारे 27,800 रुपये. म्हणजे भाड्याच्या अडीचपट. मेन्टेनन्स आणि घरपट्टी वेगळी.

आता ‘पाण्यात गेलेले पैसे’. त्या पहिल्या हप्त्यातले सुमारे 22,700 रुपये निव्वळ व्याज असतं, मुद्दल फिटते जेमतेम 5,100. भाडेकरूचे 11 हजार गेले म्हणायचं, तर कर्जावर घर घेणाऱ्याचे त्याच महिन्यात दुप्पट गेले. शिवाय खरेदीच्या दिवशीच 6 टक्के मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे 30 हजार जातात. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का वाचतो, तो जरूर वाचवा. बांधकाम चालू असेल तर जीएसटीही आहे. यातला एक रुपयाही विकताना परत मिळत नाही.

इथे एक अट मात्र मी मनापासून घालतो. हप्ता आणि भाडं यांतला फरक दर महिन्याला आरडीत (बँकेतली मासिक ठेव) किंवा एसआयपीत (म्युच्युअल फंडातली मासिक गुंतवणूक) गेलाच पाहिजे. तो मोबाईल आणि गाडीत उडवणाऱ्याला माझा हिशोब लागू नाही, त्याने कर्ज काढलेलंच बरं.

आयकराचं थोडक्यात: नवीन करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावटच नाही. आज बहुतेक नोकरदार त्याच प्रणालीत आहेत.

राहिलं विमान. विमानाच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून 2023 मध्ये पाडली, गोव्याचं विमान उडालं जून 2025 मध्ये. मधली दोन वर्षं ‘विमानतळाजवळ’ म्हणून प्लॉट दाखवले जातच होते. त्याआधी शहराबाहेर बोरामणीला ठरलेल्या नव्या विमानतळासाठी जमिनी संपादित झाल्या, आसपास प्लॉटिंग झालं, आणि विमान शेवटी होटगी रोडच्या जुन्या विमानतळावरूनच उडालं. बातमीचा भाव आधीच किमतीत धरलेला असतो. घर भरतं ते पगारदार माणसाने, आणि आपली इंजिनीअर झालेली पोरं अजून पुण्यात हडपसर-हिंजवडीलाच जातात. उद्या तुमचीच बदली पुण्याला झाली, तर इथला हप्ता आणि तिथलं भाडं दोन्ही भरावं लागेल.

भाडेकरूचा त्रास मी नाकारत नाही. अकरा महिन्यांचा करार, दरवर्षी वाढ, मालकाने अचानक ‘मुलाचं लग्न आहे, खोली रिकामी करा’ म्हणणं, त्यात पोरांची शाळा बदलणं, हे जिवाला लागतं. ज्यांना इथेच दहा वर्षं राहायचंय, ज्यांचा हप्ता पगाराच्या एक तृतीयांशात बसतो आणि हातात सहा महिन्यांचा खर्च शिल्लक राहतो, त्यांनी तेजीतही खुशाल घ्यावं. यंत्रमागावर ज्यांची कमाई सीझनप्रमाणे वरखाली होते, त्यांना मात्र 20 वर्षांच्या ठरावीक हप्त्यात अडकवणं मला अन्यायाचं वाटतं.

आणि घ्यायचंच ठरलं, तर महारेराचा (बिल्डरांवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नोंदणी नंबर आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, बघाच. पण त्याआधी एप्रिल-मेमध्ये त्या कॉलनीत जा आणि तळमजल्यावर राहणाऱ्या बाईंना विचारा, नळाला पाणी किती दिवसांआड येतं आणि महिन्याला टँकर किती लागतात.