हात वेगळा जोडलेला म्हणजे लाकडी मूर्ती कच्ची? नाही हो

"हात वेगळा कोरून जोडलाय म्हणजे मूर्ती कच्ची, खरी तीच जी एका ओंडक्यातून निघते" असं जे फिरतंय ना ते चूक आहे. पसरलेला हात अखंड लाकडात कोरला की लाकडाच्या रेषा, म्हणजे त्याचे तंतू, हाताला आडव्या येतात आणि जरा धक्का लागला की मनगट कट्कन तुटतं, म्हणूनच तो वेगळा, रेषा लांबीला धरून कोरतात आणि खुंटी घालून बसवतात. जपानमधल्या ब्योदोइन मंदिरातली अमिदा बुद्धाची मूर्ती, जोचो या शिल्पकाराने १०५३ मध्ये केलेली, अशीच तुकडे जोडून केलीय, आतून पोकळ, आजही आहे! हां, नुसत्या गोंदावर मात्र विसंबू नका, रेषांची उघडी टोकं गोंद पिऊन टाकतात आणि सांधा सुटतो, खुंटी हवीच.