सुनावलं बरं का!

सकाळी एका मित्राने पुन्हा तोच व्हिडिओ पाठवला. २८ फेब्रुवारी २०२५, व्हाइट हाउस, ट्रम्प आणि त्यांचे उपाध्यक्ष व्हान्स मिळून युक्रेनच्या झेलेन्स्कींना झापतायत. खाली मित्राचा शेरा: 'काय सुनावलं!' तेव्हापासून डोकं फिरलंय. त्या भांडणाच्या शेवटी ट्रम्प स्वतःच म्हणाले होते, टीव्हीवर हे झकास दिसणार. तिकडे माणसं मरतायत आणि यांना दिसतोय कार्यक्रम!

मला माझे एक जुने साहेब आठवले. (नाव नको.) आमच्या विभागाचं काम रखडलं, वरून विचारणा झाली, की दुसऱ्या दिवशी साहेब शेजारच्या विभागात जाऊन भांडून यायचे. 'ठणकावून आलो,' म्हणायचे. आम्ही खूश! रखडलेल्या कामाचं नावही कुणी काढायचं नाही.

देशांचे पुढारीही हेच करतात. १९८२ चं अर्जेंटिना घ्या. तिथला सत्ताधीश गाल्तिएरी निवडून आलेला नव्हता, लष्करशहाच, पण खोड तीच. ३० मार्चला ब्युनोस आयर्समध्ये राजवटीविरुद्ध कामगार रस्त्यावर, पोलिसांचा मार. २ एप्रिलला ब्रिटनच्या ताब्यातल्या फॉकलंड बेटांवर सैन्य उतरलं आणि त्याच शहरात जयजयकार! बेत आधीपासून शिजत होता, पण मुहूर्त बघा. अडीच महिन्यांत शरणागती. अर्जेंटिनाचे ६४९ आणि ब्रिटनचे २५५ सैनिक गेले. टाळ्या वाजवणारे घरीच होते.

आता निवडून आलेल्यांचं. जुलै २०२५ मध्ये ट्रम्पनी ब्राझीलला ५० टक्के आयातशुल्काचं पत्र धाडलं. त्यात सुरुवातीलाच काय, तर तिथले माजी अध्यक्ष बोल्सोनारो यांच्यावरचा खटला थांबवा! तेही ज्या देशाशी व्यापारात अमेरिकेचंच पारडं जड आहे त्याला. दोस्ताचा खटला म्हणजे परराष्ट्र धोरण? आणि याला राष्ट्रहित म्हणायचं?

हो, नाटोतले युरोपीय देश संरक्षणखर्चात वर्षानुवर्षं हात आखडता घेत होते आणि दम दिल्यावर आणखी हलले. मान्य. पुढे.

लिहिता लिहिता मित्रावरचा राग जरा उतरला. साहेब ठणकावून यायचे तेव्हा सगळ्यात मोठ्याने हसणारा मीच होतो की. बरं वाटायचं. आपला माणूस कुणाला तरी भारी पडला, एवढंच पुरायचं.

इराणचा अणुकरार २०१५ चा, सुरक्षा परिषदेने मोहोर उठवलेला. त्यात खोट नव्हती असं नाही. पण इराण तो पाळतोय असं तपासनीस सांगत असताना, २०१८ मध्ये ट्रम्प बाहेर पडले, कारण प्रचारसभांत तसं गर्जून झालं होतं. ३.६७ टक्क्यांवर रोखलेलं युरेनियम संवर्धन २०२१ मध्ये ६० टक्क्यांवर, म्हणजे अणुबॉम्बाच्या बरंच जवळ, गेलं. सभेतल्या लोकांना हा आकडा कुणी सांगितला असेल?

आमचे साहेब बढती घेऊन गेले. आम्ही तिथेच. शेजारच्या विभागात साधी फाइल न्यायची तरी पोटात गोळा यायचा. तिथल्या बाई म्हणायच्या, 'तोंडी नको, लेखी आणा.' एकदा लेखी नेलं. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, 'आणि तुमचे पुढचे साहेब हे पाळणार का?'